लक्ष ठेवण्याचे कंत्राट

जलतरण तलावाला जीवरक्षक पुरवण्याची निविदा आणि उद्यानाला माळी पुरवण्याची निविदा शेजारी ठेवून वाचली, तर दोन्हींचा साचा बहुधा एकच निघतो. इतके मनुष्यबळ, इतक्या पाळ्या, इतके महिने, गणवेश ठेकेदाराचा, हजेरीपट सहीनिशी, गैरहजेरीला दिवसाला इतका दंड. माळ्याच्या बाबतीत हा साचा चालून जातो, कारण माळ्याचे काम मागे काहीतरी ठेवून जाते. हिरवळ कापलेली असते किंवा माजलेली असते, आणि ते सांगायला कनिष्ठ अभियंत्याची एक फेरी पुरते. जीवरक्षकाचे काम नीट झाले तर मागे काहीच उरत नाही. संध्याकाळची शेवटची बॅच संपते, माणसे डोकी पुसत घरी जातात, आणि खुर्चीवरच्या माणसाने दिवसभर पाण्याकडे पाहिले की मोबाइलकडे, याची कोणतीही खूण पाण्यावर राहत नाही. दोन्ही प्रकारच्या दिवसांचा हजेरीपट सारखाच दिसतो, देयकही सारखेच निघते. पालिकेला खरे तर हवे असते त्या माणसाचे लक्ष. पण माणूस मोजता येतो म्हणून निविदेत माणूस येतो, आणि लक्ष मोजायला अवघड म्हणून ते गृहीत धरले जाते. कंत्राटी जीवरक्षक सेवेतल्या बहुतेक दुखण्यांचे मूळ मला या गृहीतात दिसते. ठेकेदार लबाड असणे किंवा पोरगा आळशी असणे ही त्यापुढची, बरीच किरकोळ गोष्ट आहे.

लक्ष ही इतकी नाजूक वस्तू का, हे समजायला बुडणे कसे दिसते ते आधी समजून घ्यावे लागते. आपल्या सिनेमातला बुडणारा माणूस दोन्ही हात वर करून 'वाचवा, वाचवा' असा टाहो फोडतो. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी 1970 च्या सुमारास खऱ्या बुडण्याचे चित्रण केले, तेव्हा यातले काहीच दिसले नाही. बुडणारा माणूस पाण्यात उभा राहतो, हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतो, तोंड क्षणभर वर येते आणि पुन्हा खाली जाते. त्या क्षणात श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, मग ओरडणार कधी? हे सारे चालते वीस ते साठ सेकंद. चाळीस-पन्नास पोरे दंगा करत असलेल्या तलावात मधोमध गप्प असलेले एक डोके शोधायचे, असे हे काम आहे. अमेरिकेत 2001 साली नव्वद तलावांवर पाचशेहून अधिक वेळा एक चाचणी घेतली गेली. जीवरक्षकांना न सांगता माणसाच्या आकाराची बाहुली पाण्याच्या तळाशी सोडायची आणि ती दिसायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचे. सरासरी आली एक मिनिट चौदा सेकंद. दहा सेकंदांत बाहुली दिसलेल्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होते. ही माणसे प्रशिक्षित होती, खुर्चीवर हजर होती, आणि त्यांतली बरीचशी पाण्याकडेच पाहत होती.

पाहणे आणि दिसणे यांतली ही फट जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवर बसणाऱ्यांच्या नजरेतून पाणबुड्यांचे ठिपके का निसटतात, हा प्रश्न केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांच्यापुढे आला. त्यांनी एक घड्याळ केले. त्याचा काटा दर सेकंदाला एक घर पुढे सरके, आणि अर्ध्या तासात बारा वेळा दोन घरे उडी मारे. पाहणाऱ्याने फक्त ती उडी टिपायची. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका ठळकपणे वाढल्या. पाहणारे झोपले नव्हते, कंटाळून उठूनही गेले नव्हते. एकसुरी दृश्यातली विरळ घटना टिपण्याची शक्तीच ओसरली होती. मॅकवर्थ यांच्या घड्याळात अर्ध्या तासात बारा उड्या तरी होत्या. तलावावरच्या जीवरक्षकाला खरी 'उडी' दोन-तीन वर्षांत एकदा दिसायची, आणि तीही वीस सेकंदांची. म्हणून शहाण्या तलावांवर जीवरक्षक अर्ध्या तासाच्या आसपास जागा बदलतात: एका खुर्चीवरून दुसरीवर, तिथून थोड्या विसाव्याला. ही चैन नाही. फिल्टरचा पंप सलग किती तास चालवायचा याला जशी मर्यादा असते, तशीच ही डोळ्यांची मर्यादा आहे.

आता हा हिशेब निविदेला लावून पाहू. समजा, पन्नास मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद असा तलाव आहे. सकाळी पाच तास आणि संध्याकाळी पाच तास चालतो, आठवड्याला एक सुटी. साडेबाराशे चौरस मीटर पाण्यावर दोन खुर्च्या ही कंजूष सोय झाली, पण तेवढ्याच धरू. अर्ध्या तासाने आलटापालट करायची तर कोणत्याही क्षणी तिसरा माणूस लागतो. तिघे, दहा तास, सहा दिवस म्हणजे आठवड्याला 180 मनुष्य-तास. अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्याने भागले तर पावणेचार माणसे. रजा, आजारपण आणि सराव धरले तर पाच. निविदेत मात्र 'दोन जीवरक्षक' असे लिहिलेले असले, तर विकत घेतलेले तास होतात 96. तलाव उघडा आहे 60 तास. म्हणजे सरासरीने कोणत्याही क्षणी पाण्यावर दीडाहून जरासा अधिक माणूस, आणि त्याने चहा, लघवी, जेवण यांसाठी खुर्ची सोडायचीच नाही. हा भागाकार करायला जलतरणाचे काही कळावे लागत नाही. तरी तो होत नाही, कारण निविदेतला आकडा गेल्या वर्षीच्या निविदेतून येतो आणि गेल्या वर्षीचा त्याच्या आदल्या वर्षीच्या.

त्यावर किमान दराचा नियम येऊन बसतो. मनुष्यबळ पुरवठ्यात किमान वेतन सरकार ठरवते. भविष्य निर्वाह निधी आणि राज्य विमा यांचे दरही ठरलेले असतात. मग दहा ठेकेदारांत स्पर्धा व्हायला उरते फक्त सेवाशुल्क. ते उतरत उतरत इतके खाली गेले, की शून्य सेवाशुल्काची निविदा ग्राह्य धरू नये, असे केंद्र सरकारच्या खरेदी-नियमपुस्तिकेला लिहून ठेवावे लागले. फुकटात काम करायला कोण का तयार होतो? त्याला फायदा दुसरीकडून काढायचा असतो म्हणून. एक माणूस कमी ठेवायचा आणि हजेरी पूर्ण दाखवायची, पगार दोन-दोन महिने लांबवायचे, प्रमाणपत्राच्या छायाप्रतीवर भागवायचे, सरावाचा दिवस रद्द करायचा. यातले प्रत्येक टोक शेवटी खुर्चीवरच्या माणसाच्या लक्षातूनच कापले जाते. पगार वेळेवर न मिळणारा माणूस रात्री कुठल्या तरी सोसायटीच्या फाटकावर पहारा करतो आणि सकाळी सहाला तलावावर येतो. त्याचे डोळे मिटू लागले तर दोष कोणाचा, हे स्थायी समितीच्या बैठकीतही ठरवता येईल, फक्त तिथे तो प्रश्न विचारला जात नाही. दादरच्या महापालिकेच्या तलावात 2023 साली मगरीचे पिल्लू सापडले तेव्हा देशभर बातम्या झाल्या. रिकाम्या खुर्चीची बातमी होत नाही.

पियांनी 1984 साली बुडण्याच्या मानवी कारणांची तीन नावे सांगितली: बुडणे ओळखता न येणे, मूळ कामात दुसरे काम घुसणे आणि चित्त विचलित होणे. यातल्या मधल्या कारणाशी आपली जवळची ओळख आहे, फक्त आपण त्याला कारण म्हणत नाही, काटकसर म्हणतो. जीवरक्षकच पास तपासतो, तोच पाण्यावरची पाने जाळीने काढतो, तोच शॉवर घेतल्याशिवाय उतरणाऱ्याला हटकतो, आणि उन्हाळी शिबिरात तोच शिकवतो. शिकवणे हा यातला सर्वांत फसवा प्रकार. शिकवणारा पाण्यात आहे, पोहण्यात तरबेज आहे, त्यामुळे पालक निश्चिंत असतात. पण त्याची नजर हातातल्या पाच वर्षांच्या पोरावर आणि पाठ उरलेल्या तलावाकडे असते. केरळ पर्यटन विकास महामंडळाच्या कोवळममधल्या हॉटेलात 2006 साली एक पाहुणा तरणतलावात बुडून मेला. राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे जे निष्पन्न झाले ते या मुद्द्याचा जणू नमुनापाठ आहे: तिथल्या जीवरक्षकाकडे बारमध्ये मद्य देण्याचेही काम सोपवले होते. आयोगाने साडेबासष्ट लाखांची भरपाई व्याजासह द्यायला लावली आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने सेवेतली ती कसूर मान्य केली. जीवरक्षक 'नेमलेला होता' हा बचाव चालला नाही. नेमलेला माणूस त्या कामावर होता का, हे न्यायालयाने पाहिले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो भक्कम आहे. हे सगळे कंत्राटाचेच दोष असतील तर कंत्राट मोडा, पालिकेच्या आस्थापनेवर कायम जीवरक्षक घ्या, प्रश्न मिटला. गोव्याच्या किनाऱ्यांवर 2008 पासून खासगी कंपनीमार्फत जीवरक्षक सेवा चालते, आणि आम्हाला थेट सरकारी सेवेत घ्या म्हणून तिथल्या जीवरक्षकांनी आंदोलनेही केली आहेत. त्यांची मागणी कामगार म्हणून मला रास्त वाटते. बारमाही लागणारे काम वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवायचे, यात अन्याय आहेच. पण कायम नोकरीने लक्ष आपोआप येते, हे मात्र पुराव्याला धरून नाही. कोवळमचे हॉटेल सरकारी महामंडळाचेच होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर या गावी 2011 च्या जूनमध्ये जे घडले ते तर राज्य सरकारने स्वतः चालवलेल्या तलावात. पाणी इतके गढूळ होते की तळ दिसत नव्हता. एक बाई बुडाली, दोन दिवस तिचा देह त्याच पाण्यात होता, आणि त्या दोन दिवसांत लोक पोहत होते, जीवरक्षक खुर्चीवर होते, आरोग्य खात्याचे निरीक्षकही येऊन गेले. तळ न दिसणाऱ्या तलावावर जगातला उत्तम जीवरक्षक बसवला तरी तो आंधळाच. असा तलाव त्या क्षणी बंद करायचा असतो, आणि तो बंद करण्याची सत्ता खुर्चीवरच्या माणसाकडे हवी. ती तिथल्या सरकारी नोकरांनी वापरली नाही. आपल्याकडच्या ठेकेदाराच्या पोराकडे तर ती नसतेच, कारण तलाव एक दिवस बंद म्हणजे शंभर पासधारकांच्या तक्रारी आणि साहेबांचा फोन. तेव्हा 'आपला माणूस की ठेकेदाराचा' या वादात पडण्याआधी, त्याला नेमके कोणते काम आणि कोणता अधिकार दिला आहे, हे विचारायला हवे.

तरीही कंत्राट आणि आस्थापना यांत एक फरक उरतोच, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. कंत्राटाला हद्द असते. फ्लोरिडातल्या हॅलनडेल बीच या छोट्या शहराने किनाऱ्यावरची जीवरक्षक सेवा खासगी कंपनीला दिली होती. 2012 च्या जुलैत एका तरुण जीवरक्षकाला कळले की कंत्राटाच्या हद्दीपलीकडे एक माणूस बुडतो आहे. तो धावला, माणूस वाचला, आणि नेमून दिलेला भाग सोडला म्हणून कंपनीने या तरुणाला कामावरून काढले. त्याच्या बाजूने उभे राहिलेल्या सहकाऱ्यांच्याही नोकऱ्या गेल्या. लोक संतापले. पुढे कंपनीने कबूल केले की तो गेला तेव्हा त्याचा भाग सांभाळायला इतर होते, आणि त्याला परत बोलावले. तो गेला नाही. कंपनीला दुष्ट ठरवून ही गोष्ट संपवणे सोपे आहे. पण तिच्या जागी बसून पाहिले तर तिचे तर्कशास्त्र चुकीचे नव्हते: विमा हद्दीच्या आत, जबाबदारी हद्दीच्या आत, आणि जीवरक्षकाने आपला भाग सोडू नये हा नियम एरवी जीव वाचवणाराच. दोष हद्द आखणाऱ्याचा. जो कागद पोहणाऱ्यांना दिसत नाही, त्यावरची रेघ पाण्यात कोणी कशी पाळायची? आपल्या तलावांवरही अशा रेघा असतात. मुख्य तलाव कंत्राटात, लहान मुलांचा उथळ तलाव नाही. बॅचची वेळ कंत्राटात, बॅच सुटल्यावर रेंगाळणाऱ्या पोरांची दहा मिनिटे नाहीत.

या हद्दींवर पालिकांचे आवडते औषध म्हणजे एक वाक्य: 'कोणतीही दुर्घटना घडल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी ठेकेदाराची राहील.' तलावावरच्या फलकावर त्याचेच भावंड असते, 'पोहणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर पाण्यात उतरावे.' दोन्ही वाक्ये एकत्र वाचली तर जबाबदारी सर्वांची आणि पालिकेची तेवढी नाही, असा अर्थ निघतो. कायद्याची वाटचाल मात्र उलट दिशेने झालेली आहे. इंग्लंडमध्ये एसेक्स काउंटीतल्या एका शाळेची दहा वर्षांची मुलगी 2000 सालच्या जुलैत शाळेच्याच वेळेतल्या पोहण्याच्या तासाला गेली, पाण्यात निश्चल आढळली आणि मेंदूला कायमची इजा होऊन जगली. शिकवणारी आणि जीवरक्षक दोघीही शाळेच्या नोकर नव्हत्या. तो तास एका स्वतंत्र कंत्राटदाराकडे होता. काउंटी म्हणाली, आम्ही सक्षम कंत्राटदार नेमला, आमचे कर्तव्य संपले. 2013 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे नाकारले. न्या. सम्प्शन यांनी दाखवले की काही कर्तव्ये अशी असतात की ती पार पाडण्याचे काम दुसऱ्याला देता येते, कर्तव्य मात्र देऊन टाकता येत नाही. पुढे 2015 साली निष्काळजीपणा सिद्ध झाला आणि काउंटीला भरपाईसाठी जबाबदार धरले गेले. यावर कोणी म्हणेल की तो निकाल शाळकरी मुलांपुरता आहे, तिकीट काढून येणाऱ्या प्रौढाला तो लागू नाही. म्हणणे बरोबर आहे. न्यायालयाने मर्यादा आखूनच निकाल दिला. परंतु आपल्या तलावांची उन्हाळ्यातली गर्दी कोणाची असते? आणि आपल्याकडेही वेतनाच्या बाबतीत हे तत्त्व जुनेच आहे: ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मुख्य मालकाने ती द्यावी, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरवले आणि पुढच्या संहितेतही ते आले. बुडवलेल्या मजुरीला जो नियम, तो बुडालेल्या माणसाला नको, हे मला पटत नाही.

शिवाय ते 'सर्वस्वी' वाक्य व्यवहारातही घातक आहे. दुर्घटना म्हणजे दंड असे ठरले की ठेकेदार नोंदी करणे बंद करतो. ज्या दिवशी पोराला वेळीच बाहेर काढले, तो दिवस नोंदवहीत कोरा राहतो, कारण 'बुडता बुडता वाचला' हेही साहेबांना बुडाल्यासारखेच वाटते. मग कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या बॅचला, किती वेळा असे झाले, हे कळायचा मार्गच बंद. चांगल्या कंत्राटात सुटकेची प्रत्येक नोंद केलेले काम म्हणून धरली पाहिजे आणि तिच्याबद्दल दंड करूच नये. दंड असावा तो रिकाम्या खुर्चीला, घुसवलेल्या दुसऱ्या कामाला आणि न झालेल्या सरावाला. लक्ष मोजता येत नाही, ही तक्रारही पूर्ण खरी नाही. बाहुलीच्या चाचणीने ते मोजले आहे. महिन्यातून दोनदा, न सांगता, बाहुली पाण्यात टाका आणि घड्याळ लावा. पुरवठा संस्थेच्या देयकाचा काही भाग त्या निकालाशी जोडा, मात्र तो मुलांच्या पगारातून कापायला मनाई करा. प्रशिक्षणाचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. पुण्यात राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटीचे मुख्यालय आहे, गोव्यात केंद्र सरकारची जलक्रीडा संस्था आहे. निविदेत 'प्रमाणपत्रधारक' एवढेच न लिहिता कोणाचे प्रमाणपत्र आणि दर वर्षी कोणती फेरपरीक्षा, हे लिहिता येते.

एवढा खर्च कशाला, हा शेवटचा आणि खरा आक्षेप. 2022 साली देशात 38 हजारांहून अधिक माणसे बुडून मेल्याची नोंद आहे. त्यातली बहुतेक नदीत, विहिरीत, तळ्यात. तलावांचा वाटा किरकोळ, मग पैसा तिकडे का घालू नये? नदीकाठी पैसा घालायलाच हवा, पण हा युक्तिवाद दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतो. नदीने कोणाकडून पास घेतलेला नसतो. तलाव हे असे एकमेव पाणी आहे की ज्यावर पालिका शुल्क घेते, वेळ ठरवते, खोली ठरवते आणि खुर्ची मांडून सांगते की इथे कोणीतरी पाहत आहे. ती खुर्ची पाहूनच आई काठावरच्या बाकावर जाऊन बसते, पोराला एरवी जितके नजरेत ठेवले असते तितके ठेवत नाही. म्हणून नावापुरता जीवरक्षक हा जीवरक्षक नसण्याहूनही वाईट ठरू शकतो. कॅमेऱ्यांचे म्हणाल, तर पाण्याखालचे दृश्य तपासून इशारा देणाऱ्या यंत्रणा आल्या आहेत, त्यांच्यासाठी 2017 साली आंतरराष्ट्रीय मानकही झाले आहे. त्या घ्याव्यात. पण यंत्राने घंटा वाजवली की पाण्यात उडी मारायला माणूसच लागतो, आणि तो पाचांऐवजी दोनच असेल तर घंटा वाजून उपयोग काय?

खुर्चीवर नेमके काय विकत घेतले आहे, हे पाहायला तज्ज्ञ असावे लागत नाही. पुढच्या वेळी तलावावर जाल तेव्हा खुर्च्या मोजा, त्यावरची माणसे मोजा, अर्ध्या तासाने ती बदलली का बघा, आणि त्यांच्या हातात पासांचा गठ्ठा आहे का तेही बघा. मग माहितीच्या अधिकारात तलावाच्या कार्यादेशाची आणि निविदेतल्या अटींची प्रत मागवा. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते.